ठिपकेमोजणीचे शास्त्र

दुर्मीळ प्राणी दूर राहतो, अशी निसर्गप्रेमी मंडळींची एक जुनी श्रद्धा आहे. त्याच्या दर्शनासाठी पहाटे तीनला उठावे लागते, घाट ओलांडावा लागतो, जळवांना रक्त द्यावे लागते आणि परतल्यावर चार दिवस कचेरीत लंगडत वावरावे लागते. एवढ्या हालअपेष्टा झाल्याखेरीज दिसलेल्या प्राण्याला दुर्मीळ म्हणणे हा त्या प्राण्याचा आणि लंगडणाऱ्याचा, दोघांचाही अपमान समजला जातो. या श्रद्धेला ज्या थोड्या जीवांनी आपल्या वर्तनाने उघडउघड हरताळ फासला आहे, त्यांत डॅनेड एगफ्लाय या फुलपाखराचा क्रमांक बराच वरचा लागेल. शास्त्रीय परिभाषेत हायपोलिम्नास मिसिपस असे भारदस्त नाव धारण करणारे हे फुलपाखरू पाहण्यासाठी आंबोलीच्या धुक्यात शिरण्याची गरज नसते, कारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते गृहसंस्थेच्या कुंपणालगत, बांधकाम रखडलेल्या भूखंडावर, टणटणीच्या झुडपावर किंवा गवत कापायचे राहून गेलेल्या सार्वजनिक उद्यानातही आढळते. तरीही फुलपाखरांच्या यादीत या नावापुढे निःशंक मनाने खूण करू शकणारी माणसे थोडीच भेटतात, आणि ज्यांनी खूण केली आहे त्यांच्यापैकी काहींनी ती पेन्सिलीने केलेली असते.

या फुलपाखराचा कायदेशीर दर्जा लक्षात घेतला, तर ही परिस्थिती अधिकच चमत्कारिक वाटू लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला अनुसूची, म्हणजे कोणत्या जीवाला किती कडक संरक्षण द्यावयाचे हे ठरवणाऱ्या याद्या, जोडलेल्या आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने त्यांची फेरमांडणी होईपर्यंत डॅनेड एगफ्लायचे नाव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे ज्या यादीत वाघाचे नाव आहे तिथेच, अनेक वर्षे नांदत होते. कायद्याच्या दृष्टीने दोघेही एकाच पंक्तीचे मानकरी असले, तरी वाढप मात्र सारखे झाले नाही. वाघ पाहण्यासाठी नागपूरपर्यंत रेल्वेने, तिथून मोटारीने आणि तिथून उघड्या जिप्सीने जाणारा पर्यटक घरातून निघताना फाटक लावतो, तेव्हा त्याच फाटकाशेजारच्या एकदांडीच्या फुलावर पहिल्या अनुसूचीतील दुसरा मानकरी बसलेला असू शकतो, आणि पर्यटक त्याच्याकडे पाहून ‘नेहमीचेच केशरी फुलपाखरू’ असे म्हणून पुढे जातो. जगाच्या नकाशावर पाहिले, तर हे फुलपाखरू आफ्रिकेपासून भारतामार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेले आहे, शिवाय कॅरिबियन बेटांतही आढळते; तिथे ते गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांबरोबर पोचले असावे, असा एक समज आहे. इतका जगप्रवास केलेल्या जीवाला दुर्मीळ म्हणावे की नाही, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर संख्येत शोधण्यापेक्षा पाहणाऱ्यांच्या सवयींत शोधणे अधिक फलदायी ठरते.

घोटाळ्याचे मूळ मादीत आहे, हे प्रथमच नमूद केलेले बरे. मात्र तिच्याकडे वळण्यापूर्वी नराचे वर्णन उरकून घ्यावे, कारण ते सोपे आहे. नराचे पंख मखमली काळे असतात आणि त्यांवर एकूण सहा पांढरे, लांबट गोल ठिपके असतात: पुढच्या प्रत्येक पंखावर मधोमध एक मोठा आणि टोकाशी एक लहान, तर मागच्या प्रत्येक पंखावर एक मोठा. या प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळ्या-निळ्या झळाळीचे एक कडे असते. ही झळाळी रंगद्रव्याची नसून पंखांवरील खवल्यांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परावर्तित झाल्यामुळे निर्माण होते, आणि म्हणून ती एका विशिष्ट कोनातूनच दिसते. पंख अर्ध्या बोटाने कलला की जांभळा रंग मावळतो आणि उरते ते काळ्यावर पांढरे. छायाचित्रकाराने गुडघे चिखलात टेकून, श्वास रोखून, कोन साधून कळ दाबावी आणि नेमक्या त्याच क्षणी पंख कलावा, असा या नराचा शिरस्ता आहे. तो एखाद्या खुज्या झुडपावर ठाण मांडतो, जवळून जाणाऱ्या प्रत्येक उडत्या वस्तूवर धावून जातो, मग ते दुसरे फुलपाखरू असो वा वाऱ्याने उडालेले पान, आणि हद्दपारीचे काम आटोपून पुष्कळदा पूर्वीच्याच जागेवर परततो. त्यामुळे त्याच्या मागे धावण्यापेक्षा त्याच्या आसनाजवळ स्वस्थ बसणे शहाणपणाचे ठरते, परंतु फुलपाखरामागे न धावण्याचा संयम नवशिक्यांत क्वचितच आढळतो.

मादीचे मात्र नराशी काहीच साम्य नाही. ती केशरी-तपकिरी असते, तिच्या पुढच्या पंखांची टोके काळी असतात आणि त्या काळ्या भागातून पांढऱ्या ठिपक्यांचा एक तिरका पट्टा गेलेला असतो. हे वर्णन वाचताच फुलपाखरांची थोडीबहुत ओळख असलेला वाचक म्हणेल की, हा तर प्लेन टायगर. आणि वाचकाने असे म्हणावे, हाच तर मादीचा हेतू आहे. प्लेन टायगर, अर्थात डॅनॉस क्रिसिपस, हे महाराष्ट्रातील अत्यंत परिचित फुलपाखरांपैकी एक होय. लिनियस या स्वीडिश वर्गीकरणकाराने त्याला १७५८ साली नाव दिले आणि डॅनेड एगफ्लायला १७६४ साली, म्हणजे नामकरणातही नक्कल अस्सलाच्या मागूनच आली. प्लेन टायगरचा सुरवंट रुईच्या आणि हळदीकुंकू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झुडपाच्या पानांवर वाढतो, त्या झाडांच्या चिकातील हृदयाला घातक अशी विषद्रव्ये शरीरात साठवतो आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ती ठेव मोडत नाही. अननुभवी पक्ष्याने असे फुलपाखरू खाल्ले, तर त्याला उलटी होते आणि तो केशरी रंगाचा जन्माचा धसका घेतो. म्हणूनच प्लेन टायगर उन्हातून कसलीही घाई न करता, निवृत्तीनंतर फेरफटका मारायला निघालेल्या गृहस्थाच्या चालीने उडतो. त्याचे अंगही चिवट असते. चोचीत सापडलेला आणि चव कळताच थुंकलेला प्लेन टायगर पंख झटकून पुढच्या फुलावर बसू शकतो.

डॅनेड एगफ्लायच्या मादीने यांतले विष वगळून बाकी सर्व उचलले आहे: रंग, पट्टा आणि शांतपणे उडण्याची ऐटसुद्धा. अशा नकलेला शास्त्रात बेट्सीय अनुकृती म्हणतात, म्हणजे निरुपद्रवी जीवाने घातक जीवाचे सोंग घेऊन भक्षकापासून बचाव करणे. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षे अॅमेझॉनच्या जंगलात काढली आणि १८६२ साली ही कल्पना मांडली. डार्विनला ती पुराव्यासारखी उपयोगी पडल्याने त्याने तिचे मनापासून स्वागत केले. या सिद्धांतातील एक अट मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. नक्कल करणारे जीव ज्याची नक्कल करतात त्याच्याहून संख्येने कमी असावे लागतात. कारण पक्ष्याला दहापैकी आठ केशरी फुलपाखरे रुचकर लागली, तर त्याचा धसका मोडतो आणि मग अस्सल व नक्कल दोघांचेही दिवस भरतात. म्हणजे विरळ असणे ही डॅनेड एगफ्लायच्या मादीची हौस नसून धंद्याची गरज आहे. ती फार वाढली तर तिचाच घात होतो, आणि वाढली नाही तर तिला शोधणारा माणूस शंभर प्लेन टायगर पाहून शंभर वेळा निराश होतो. पक्ष्यासाठी रचलेल्या या फसवणुकीत माणूस विनाकारण सापडला आहे, आणि त्यातही वैताग असा की पक्ष्याला निदान उलटीचा अनुभव तरी असतो.

सोंग फक्त मादीनेच का घ्यावे, यावर अभ्यासकांनी बराच विचार केला आहे. एक मत असे की, अंड्यांच्या भाराने जड झालेली आणि योग्य वनस्पती शोधत संथपणे फिरणारी मादी भक्षकाच्या तावडीत अधिक सहज सापडते, म्हणून तिला संरक्षणाची निकड जास्त. उलट नराला आपल्या जातीच्या मादीने आणि प्रतिस्पर्धी नरांनी ओळखणे आवश्यक असल्याने त्याला आपला मूळ पोशाख सोडणे परवडत नाही. महाराष्ट्रातच याची आणखी उदाहरणे आहेत. कढीपत्त्यावर अंडी घालणाऱ्या कॉमन मॉर्मन या फुलपाखराच्या काही माद्या कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांचे रूप घेतात, आणि डॅनेड एगफ्लायची थोरली बहीण शोभावी अशा ग्रेट एगफ्लायची मादी कॉमन क्रो या बेचव फुलपाखरासारखी काळपट दिसते. मात्र नकलेतही चुका होतात. डॅनेड एगफ्लायच्या मादीचे इनारिया नावाचे एक रूप आहे, ज्याच्या पंखांच्या टोकांना काळेपणा आणि पांढरा पट्टा नसतो. ते प्लेन टायगरच्या डोरिपस नावाच्या रूपाची नक्कल आहे. हे डोरिपस पूर्व आफ्रिकेत चिक्कार असले, तरी भारतात विरळाच दिसते. ज्याची नक्कल करायची तो माणूसच ज्या गावात नाही, त्या गावात त्याचा वेश करून हिंडण्याचा हा प्रकार आहे, आणि असे रूप प्रत्यक्ष दिसले, तर पाहणाऱ्याने ते कशाची नक्कल आहे हे पक्ष्याला विचारू नये.

आता ओळखीच्या प्रत्यक्ष पद्धतीकडे वळता येईल. डॅनेड एगफ्लायची मादी आणि प्लेन टायगर यांतील निर्णायक फरक मागच्या पंखावर आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात मादी असल्यास तीन आणि नर असल्यास चार काळे ठिपके असतात. नराचा चौथा ठिपका खरे तर ठिपका नव्हे. ती मादीला आकर्षित करणारा गंध साठवण्याची एक पिशवी असते. डॅनेड एगफ्लायच्या मादीच्या मागच्या पंखावर मात्र वरच्या कडेजवळ एकच काळा ठिपका असतो. याशिवाय तिच्या मागच्या पंखाची बाहेरची कड नागमोडी कातरलेली दिसते आणि त्या कातरणीत पांढऱ्या चंद्रकोरी असतात, तर प्लेन टायगरची कड तुलनेने सपाट असते. प्लेन टायगरचे वक्ष, म्हणजे डोके आणि पोट यांमधला जो भाग पंख पेलतो तो, काळा असून त्यावर पांढऱ्या टिकल्या ठसठशीत उठून दिसतात. एगफ्लायच्या वक्षावर तशा टिकल्या नसतात. पुस्तकात हे सारे एका पानावर, शेजारीशेजारी, पंख पसरून आणि बाणाच्या खुणांसह दाखवलेले असल्यामुळे वाचकाची पक्की समजूत होते की, हे काम दहा सेकंदांचे आहे.

प्रत्यक्षात ते दहा सेकंदांचेच असते, परंतु ते सेकंद फुलपाखरू देत नाही. मागचा पंख पूर्ण दिसण्यासाठी फुलपाखराने पंख सपाट पसरणे आवश्यक असते, आणि निरीक्षक जवळ येईपर्यंत ते तसे पसरूनही असते. निरीक्षक ‘एक’ असे मनात मोजू लागतो तोच पंख मिटतात. मिटलेल्या पंखांच्या खालच्या बाजूचा रंग फिकट असतो, त्यावर गवताच्या पात्याची सावली पडलेली असते, आणि ती सावली नेमकी जिथे दुसरा ठिपका असावा वा नसावा तिथे पडते. निरीक्षक अर्धा पाय पुढे टाकतो, त्याची सावली फुलावर जाते आणि फुलपाखरू उठते. या क्षणी ते प्लेन टायगर असेल तर दोन हात पुढे संथपणे जाऊन बसते. डॅनेड एगफ्लाय असेल तर सोंगातला शांतपणा टाकून देऊन तिच्या कुळाला साजेशा वेगाने कुंपणापलीकडे जाते. म्हणजे ओळख पटवणारी सर्वांत खात्रीची खूण ती फुलपाखरू निघून गेल्यावर मिळते. हा प्रकार निसर्गनिरीक्षणात नवा नाही, पण इथे तो फारच नियमाने घडतो.

त्यानंतर दावा करण्याचा टप्पा येतो, आणि डॅनेड एगफ्लाय पाहिल्याचा दावा करणे हे तिला पाहण्यापेक्षा अवघड आहे. जाणकारांच्या मंडळीत असा दावा करणाऱ्याला प्रथम ‘नर की मादी?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. उत्तर ‘नर’ असे आले, तर जाणकार शांतपणे सांगतात की, तो ग्रेट एगफ्लाय असणार. त्या फुलपाखराचा नर आकाराने थोडा मोठा असतो आणि त्याच्या ठिपक्यांत पांढरे कमी व निळे अधिक असते, परंतु घाईत ते कोण पाहतो? उत्तर ‘मादी’ असे आले, तर जाणकार अधिकच शांतपणे सांगतात की, तो प्लेन टायगर असणार. तिसरे उत्तर उपलब्ध नसल्याने दावा करणारा छायाचित्र पुढे करतो, ज्यात मागचा पंख पुढच्या पंखाखाली दडलेला असतो. मग दावेदार मोबाईलचा पडदा दोन बोटांनी ताणून मोठा करतो, जाणकार चष्मा कपाळावर चढवतो, आणि तांबूस चौकोनांच्या त्या गर्दीत एकाला एक ठिपका दिसतो व दुसऱ्याला तीन. सहसा वयाने मोठ्या माणसाला दिसलेली संख्या ग्राह्य धरली जाते.

इंग्रज अमदानीतील अभ्यासकांपुढे ही अडचण नव्हती, कारण ते फुलपाखरू मारून ओळखत. ब्रिगेडियर विल्यम हॅरी एव्हान्स यांनी १९२७ साली भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचे जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते लष्करी आदेशाच्या भाषेत आहे. त्यात कोणते फुलपाखरू किती प्रमाणात आढळते हे सांगण्यासाठी ‘अतिसामान्य’, ‘सामान्य’, ‘दुर्मीळ’ आणि ‘अतिदुर्मीळ’ यांच्या जोडीला ‘दुर्मीळ नव्हे’ अशीही एक श्रेणी आहे. ही श्रेणी काढणाऱ्याच्या मुत्सद्देगिरीला दाद द्यावी तेवढी थोडीच, कारण जे दिसले तर कौतुक होत नाही आणि न दिसले तर हळहळ वाटत नाही, अशा सर्व प्राण्यांची सोय तिने लावली आहे. लष्कराचा हा प्रभाव इंग्रजी नावांतही उतरला आहे. महाराष्ट्राच्या रानात आजही कमांडर, सार्जंट, सेलर, बॅरन, काउंट, नवाब आणि राजा अशी फुलपाखरे आपापल्या हुद्द्यानिशी उडत असतात, आणि साम्राज्य संपून पाऊणशे वर्षे उलटली तरी त्यांपैकी कोणालाही निवृत्त करण्यात आलेले नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉर्मन या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि पुढे त्याला नीलवंत असे देखणे मराठी नावही मिळाले. काळ्यावर निळे, आकाराने मोठे आणि लांबूनही दुसऱ्या कशाशी गल्लत न होणारे असे हे फुलपाखरू आहे. राज्याच्या प्रतीकाला हे गुण आवश्यकच होते. डॅनेड एगफ्लायला तो मान मिळाला असता, तर सरकारी फलकावर छापलेले चित्र प्लेन टायगरचे निघण्याचा संभव नाकारता आला नसता.

या क्षेत्रात दूरच्या रानापेक्षा घराच्या ओसरीला मोठे स्थान देणारा एक गृहस्थ मात्र खास उल्लेखास पात्र आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात झाला. त्यांनी काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी केली. १८८३ साली मुंबईत ज्या आठ जणांनी नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांतले ते एक. आणि त्याच वर्षी त्यांचे ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, ज्यात बंगल्याच्या आवारात वावरणारे उंदीर, बेडूक, कावळे, मुंग्या आणि फुलपाखरे यांचा समाचार विनोदी ढंगाने घेतलेला आहे. विनोदाबरोबरच त्यांचे शास्त्रही चोख होते. जे. डेव्हिडसन आणि वनखात्यातील टी. आर. बेल यांच्यासह त्यांनी उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवर जो प्रदीर्घ अभ्यास १८९६ पासून प्रसिद्ध केला, त्याचे वैशिष्ट्य हे होते की, ही मंडळी फुलपाखराच्या मागे जाण्याऐवजी त्याच्या सुरवंटाच्या जेवणाच्या मागे गेली. कोणती मादी कोणत्या पानावर अंडे घालते, अंड्यातून कोण निघते आणि त्या सुरवंटाचे पुढे काय होते, हे त्यांनी घरी सुरवंट वाढवून पाहिले. जाळे घेऊन धावणाऱ्या मर्द गड्याच्या तुलनेत हे काम काहीसे घरगुती वाटले, तरी डॅनेड एगफ्लायचे कोडे सुटते ते याच वाटेने.

कारण सोंग पंखांचे असते, पोटाचे नसते. प्लेन टायगरच्या मादीला अंडी घालायची असली की ती रुईकडे जाते; डॅनेड एगफ्लायची मादी प्लेन टायगरसारखी कितीही दिसली, तरी तिच्या सुरवंटाला रुईचे पान चालत नाही. तिला प्रामुख्याने घोळ लागते. घोळ म्हणजे लालसर मांसल देठांची, बारीक जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी ती आंबटसर पालेभाजी, जी कुंडीत ऑफिस टाइम या नावाने फुलणाऱ्या झाडाची रानटी बहीण आहे आणि जिची मुगाची डाळ घालून केलेली भाजी अनेक घरांत पावसाळ्यात होते. तेव्हा एखादे केशरी फुलपाखरू रुईला वळसा घालून घोळाच्या पसाऱ्यावर जमिनीलगत घुटमळू लागले, एका पानावरून दुसऱ्या पानावर चालत जाऊन पोटाचे टोक वाकवू लागले, तर ठिपके मोजण्याआधीच संशय घ्यायला हरकत नाही. काही दिवसांनी त्याच घोळावर गडद रंगाचा, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांचा आणि डोक्यावर दोन लांब काटेरी शिंगे असलेला सुरवंट सापडला, तर संशयाचे रूपांतर खात्रीत करता येते, कारण प्लेन टायगरच्या सुरवंटाच्या अंगावर काटे नसून काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि तीन ठिकाणी धाग्यांच्या जोड्या असतात. हे सुरवंट एकमेकांच्या शेजारी ठेवले, तर जाणकारांच्या मंडळीतील वादही दोन मिनिटांत मिटतो, आणि बहुधा याच कारणास्तव ते कोणी ठेवत नाही.

या शोधातून एक कायदेशीर पेच मात्र उद्भवतो. वन्यजीव कायद्यातील प्राण्याच्या व्याख्येत त्याची पिल्ले आणि अंडीही येतात. त्यामुळे पहिल्या अनुसूचीच्या काळात घोळाची जुडी निवडताना त्यातला काटेरी सुरवंट चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकणारी गृहिणी, त्याच्यासकट ती जुडी दहा रुपयांना विकणारी भाजीवाली आणि ‘आज घोळ केली नाही का?’ असे विचारणारे घरातले ज्येष्ठ, या तिघांचाही संबंध कागदोपत्री वाघाच्या बरोबरीने संरक्षण मिळालेल्या जीवाशी येत होता. सुदैवाने या प्रकरणी कोणावर खटला भरल्याचे ऐकिवात नाही. खटला भरलाच, तर सुरवंट प्लेन टायगरचा नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी वकिलावर आली असती, आणि न्यायालयात दोन बोटांनी मोबाईलचा पडदा ताणण्याचा प्रसंग पुन्हा एकदा उभा राहिला असता.

अधिक गंभीर धोका भाजीवालीकडून नसून स्वच्छतेकडून आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील ओवळेकर वाडीसारख्या ठिकाणी फुलपाखरांसाठी त्यांची खाद्यवनस्पती, म्हणजे सुरवंट ज्यावर जगतो ती झाडे, हौसेने लावली जातात. इतरत्र मात्र घोळ, रुई, एकदांडी आणि टणटणी यांचा समावेश ‘परिसर स्वच्छता’ या सदरात होतो. गणपती उरकले की गृहसंस्थेच्या समितीला आवाराची लाज वाटू लागते, कंत्राटदार बोलावला जातो, आणि सुरवंट कोशात जाण्याच्या बेतात असताना आवार लख्ख होते. त्याच समितीने मग प्रवेशद्वाराशी परदेशी फुलझाडांच्या कुंड्या मांडलेल्या असतात, आणि वार्षिक सभेत कोणीतरी, हल्ली फुलपाखरे दिसत नाहीत, अशी तक्रार मांडतो, जी इतिवृत्तात नोंदवली जाते.

येत्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वाचकांनी एवढे करावे. आवारातील घोळाचा निदान एक कोपरा उपटू देऊ नये. सकाळी ऊन वर आल्यावर त्याच्याजवळ, सावली पडणार नाही अशा बाजूला, स्वस्थ बसावे. आणि पंख पसरून बसलेल्या प्रत्येक केशरी फुलपाखराच्या मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजावेत. चार आले तर तो प्लेन टायगरचा नर, तीन आले तर प्लेन टायगरची मादी, एकच आला तर डॅनेड एगफ्लायची मादी असून तारीख व ठिकाण शाईने लिहून ठेवण्यास हरकत नाही. दोन आले तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.